फेकून द्या म्हणणारांस

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की घराघरांतून एकच हुकूम ऐकू येतो : "देऊन टाका भंगारवाल्याला!" माळ्यावरून खाली आलेल्या प्रत्येक वस्तूचा निकाल या तीन शब्दांत लागतो. वस्तूला काय झाले आहे, ती बरी होईल की नाही, याची चौकशी करण्यास कोणास सवड नसते. या निकालाविरुद्ध मी आज अपील घेऊन उभा आहे, आणि माझे अशील आहे व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट!

हसू नका, वाचकहो. तिशी-चाळिशीतल्या आपल्या मुलांना विचारा. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडावयाची जी खेळयंत्रे आली, ती बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. यंत्राच्या खाचेत बसवावयाच्या त्या प्लास्टिकच्या डबीत फीत नव्हती, तरी आपण तिला कॅसेटच म्हटले. आत असे एक हिरवे पत्र्याएवढे पातळ पान आणि त्यावर चिप. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सारा खेळ, त्यातली चित्रे, गाणी, खाचखळगे आणि राजकन्या धरून, ४० किलोबाइटांत मावला होता. आज मोबाइलवर येणारे दिवाळीच्या शुभेच्छांचे एक चित्रसुद्धा बहुधा याहून जड असते!

माझ्या अशिलाची हकीकत अशी. बहिणीचे घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी आहे ४५. तळमजल्यावरच्या कपाटात भाच्याच्या लहानपणीची कॅसेट होती. तिने बरेच दिवस गाळात काढले. पुढे भाच्याने ती धुऊन वाळवून एका दुकानात नेली. दुकानदाराने ती हातातही न घेता सांगितले, "फेकून द्या. मोबाइलवर फुकट मिळतंय सगळं." भाचा हट्टी. तो ती घेऊन साताऱ्यास आला, आणि आम्ही दोघे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो.

त्याने डबी उघडली, भिंग लावले आणि म्हणाला, "जीव हाय हिच्यात. पाय मोडलाय नुसता."

चिपला दोन्ही अंगांनी चौदा-चौदा पाय होते. गंजाने त्यांतला एक मुळापासून तुटला होता. म्हाताऱ्याने बारीक पात्याने चिपच्या कडेचे काळे प्लास्टिक तांदळाच्या कणीएवढे खरवडले, तशी आतली धातूची पट्टी चमकली. तिच्यावर कथिलाचा थेंब बसवून त्याने वायरीतला केसासारखा एकच तंतू तिला डाग देऊन जोडला आणि त्याचे दुसरे टोक खालच्या पानावर टेकवले. मीटरने 'टीं' असा आवाज दिला. मग त्याने वर गोंद भरला, म्हणजे तार हलू नये. कडेची तांब्याची बोटे पेन्सिलीच्या खोडरबराने घासताना त्याने भाच्याला दम दिला, "फुंकर मारत हुतास न्हवं? तोंडाच्या वाफंनं गंजतं ते." मजुरी घेतली दोनशे रुपये. भाच्याच्या लेकीने त्याच संध्याकाळी मारिओला खड्ड्यात पाडले!

आता विरोधी पक्षाचे वकील उठतील. ते म्हणतील, शंभर खेळांचे नवे यंत्र थोड्या पैशांत मिळत असताना ह्या कॅसेटवर दोनशे रुपये घालणे हा कोणता व्यवहार? मी विचारतो, नवे यंत्र स्वस्त कसे? त्याच्या किमतीत त्याच्या मरणाचा खर्च धरलेला नाही म्हणून! ते भंगारात गेल्यावर त्यातले शिसे आणि जळक्या तारांचा धूर कोणाच्या छातीत जातो, तो हिशेब दुकानाच्या पावतीवर नसतो.

दुसरा आक्षेप : खेळ मोबाइलवर फुकट आहे. मोबाइलवर तो आला कोठून? कोणीतरी जुनी कॅसेट जपली, तिची चिप जिवंत ठेवली आणि तीतला मजकूर उतरवून घेतला, म्हणून. पोथी जाळून तिची नक्कल उतरविता येत नसते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाले होते. सारे काही कोठेतरी सुरक्षित आहे, ही आपली गोड समजूत आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. सर्वच गोष्टी दुरुस्त होत नाहीत. स्वस्त कॅसेटींत पाय असलेली चिपच नसे. उघड्या चिपवर काळ्या राळेचा थेंब ओतलेला असे. त्या थेंबाखाली बिघाड झाला तर म्हाताऱ्याचेही हात टेकतात. पण हा थेंब काही देवाने ओतलेला नव्हे! आज आपल्या मोबाइलची बॅटरी गोंदाने चिकटविलेली येते, ती त्या थेंबाचीच नात. वस्तू उघडता येऊ नये अशी घडवावयाची आणि मग 'ती उघडत नाही' म्हणून नवी विकावयाची, याला व्यापार म्हणतात. मी लबाडी म्हणतो. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि एक संकेतस्थळही उघडले. चांगले झाले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने २०२४ साली या हक्काचा निर्देशच काढला. आपण कशाची वाट पाहत आहोत?

आणि ही विद्या आपल्याला परकी थोडीच आहे? सांगलीच्या शेजारी मिरजेत पाहा. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाजवून वाजवून तारांचे चरे घोडीवर पडतात, नाद बसतो. म्हणून तंबोरा कोणी भंगारात देतो काय? कारागीर घोडी घासून पुन्हा जवारी काढतो आणि तंबोरा पुन्हा बोलू लागतो. त्या कानसेत आणि साताऱ्याच्या म्हाताऱ्याच्या पात्यात मला तरी काही भेद दिसत नाही. भेद एवढाच की जवारी काढणाऱ्याला आपण कलावंत म्हणतो आणि चिपचा पाय जोडणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो!

म्हाताऱ्याच्या दुकानात शिकाऊ पोरगा नाही. "कोन येनार? बसून पैका न्हाई," तो म्हणाला. सातारा-सांगलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा चार म्हाताऱ्यांना आठवड्यातून एक दिवस मानधन देऊन बोलवावे, पोरांच्या हाती भिंग आणि मोडक्या वस्तू द्याव्यात. त्यासाठी नवी इमारत नको की उद्घाटन नको. आणि आपण, दिवाळीला हजारोंची खरेदी करणारी मंडळी, त्यातले दोनशे रुपये दुरुस्तीसाठी बाजूला काढू, तेही घासाघीस न करता. म्हाताऱ्याचे डोळे अजून चांगले आहेत, पण ते कायम तसे राहणार नाहीत.