नाताळची झाडे आणि खचणारा किनारा
१/ नाताळ सरला की अमेरिकेतील लुईझियानात घरोघरची सूचिपर्णी झाडे गोळा करून पाणथळ किनाऱ्यावरील लाकडी कुंपणांत रचतात. फांद्या लाटांचा जोर मोडतात. त्यांच्या आड गाळ साचतो.

२/ उपक्रम स्तुत्यच. पण किनारा खचला कशाने? १९२७ च्या महापुरानंतर मिसिसिपी नदी अधिक उंच बांधांत जखडली गेली. पुरासोबत पसरणारा गाळही अडला. तेल-वायूसाठी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले. १९३२ पासून सुमारे ५,००० चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली गेली.

३/ झाड गाळ धरते; गाळ आणते ती नदी. नदीचा गाळ पुन्हा पाणथळीकडे वळवणारा मिड-बाराटारिया प्रकल्प राज्याने २०२५ मध्ये रद्द केला. झाडे जरूर द्यावीत. मात्र त्यांच्याआड हा निर्णय झाकला जाऊ नये.