तिकिटाची पारख

व्यापारी हा मूलतः पारखी माणूस. बेगम बाजारातील किराणा व्यापारी डाळीचा दाणा दाताखाली धरून तिची प्रत सांगतो. सिकंदराबादच्या पॉट मार्केटमधील सराफ कसोटीवरील एका रेघेवरून सोन्याचा कस ओळखतो. आणि नव्या गिऱ्हाइकास उधारीने माल देण्यापूर्वी त्याची पेढी कोठली, त्यास ओळखतो कोण, मागील देणे त्याने वेळेवर फेडले काय, याची चौकशी आपल्यापैकी कोणीही केल्यावाचून राहत नाही. असे असता याच व्यापाऱ्याच्या घरातून, क्वचित त्याच्याच हातून, क्रिकेटच्या सामन्याचे वा गाण्याच्या जलशाचे तिकीट म्हणून हजारो रुपये एका अनोळखी माणसाच्या खात्यात क्षणार्धात जमा होतात, आणि मैदानाच्या दाराशी गेल्यावर ते तिकीट खोटे निघते. पेढीवर जागी असणारी पारख त्या क्षणी कोठे जाते, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे आम्हांस वाटते.

तिकिटांचा काळा बाजार नवा नाही. चित्रपटगृहाच्या आवारात दहाचे तिकीट वीसला विकणारा इसम जुन्या पिढीने पाहिला आहे. त्याचा धंदा निंद्य खराच. पण त्याच्या हातातील तिकीट खरे असे. पैसे अधिक गेले तरी खुर्ची मिळे. आजचा ठक याच्या नेमके उलट वागतो. तो पुष्कळदा छापील किमतीपेक्षा कमी दर सांगतो, गोड बोलतो, आणि देतो ते केवळ चित्र! एकाच तिकिटाचे छायाचित्र तो दहा जणांस पाठवितो. दारावरील यंत्र त्यावरील क्यूआर खूण एकदाच मान्य करते. पहिला आत जातो, उरलेले नऊ जण परत फिरतात. कित्येकदा तर खरे तिकीट मुळात नसतेच.

ही फसवणूक टंचाईच्या जमिनीत उगवते. आपल्या शहराने हा अनुभव घेतला आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील २५ सप्टेंबर २०२२ च्या उप्पल येथील सामन्याची तिकिटे २२ सप्टेंबर रोजी सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर विक्रीस निघाली, तेव्हा हजारोंचा लोंढा लोटला, चेंगराचेंगरी झाली, पोलिसांनी लाठी चालविली आणि अनेक जण जखमी झाले. तिकिटे काळ्या बाजारात गेल्याची ओरडही तेव्हा झाली. २०२४ च्या सप्टेंबरात कोल्डप्ले या विलायती वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे पाहता पाहता संपली, आणि अल्पावधीत तीच तिकिटे लाखांच्या भावाने इतरत्र झळकू लागली. सक्तवसुली संचालनालयाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाच राज्यांत झडती घेतली, तेव्हा इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप व टेलिग्राम यांवरून तिकिटांचा, आणि त्यांत खोट्या तिकिटांचाही, व्यापार चालत असल्याचे पुढे आले.

परंतु आमच्या मते सर्वाधिक बोधप्रद उदाहरण मुंबईतील बोरिवलीचे आहे. २०२३ च्या नवरात्रात तेथे फाल्गुनी पाठक यांच्या गरब्याचा पास ४,५०० रुपयांस होता. एका इसमाने तोच ३,३०० रुपयांत देऊ केला. एका तरुणाने मित्रास सांगितले, मित्राने आपल्या मित्रांस. असे करता करता १५६ जणांचे पाच लाखांवर रुपये एकत्र झाले आणि ठकाच्या हाती गेले. पास कोणासही मिळाला नाही. त्याच सुमारास पोलिसांनी चकाकत्या खुणेसह हुबेहूब छापलेले सुमारे एक हजार खोटे पासही पकडले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या १५६ पैकी बहुतेकांची ठकाशी गाठही पडली नव्हती. प्रत्येकाने विश्वास टाकला तो आपल्या मित्रावर. आणि तो मित्र स्वतःच फसलेला होता. हुंडीवर दहा सह्या असल्या तरी मूळ धनीच बनावट असेल, तर त्या सह्यांची किंमत ती काय?

आमच्या परिचयातील एका घरी असेच घडले. उप्पलच्या सामन्याची चार तिकिटे मुलाने मित्राच्या मित्राकडून घेतली आणि दाराशी गेल्यावर ती आधीच वापरलेली निघाली. वडिलांस पैशाचे दुःख झाले, पण त्याहून अधिक भीती वाटली ती बाजारात हसे होण्याची. "कोणापाशी बोलू नका," एवढेच ते म्हणाले. त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो; पण त्यांच्या मौनाने पुढील घरास सावध होण्याची संधी गेली, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आता थोडे अप्रिय बोलतो. 'खिडकीवर संपले असेल, पण आपल्या ओळखीने मिळेल,' हे वाक्य आपल्या घरांत अभिमानाने उच्चारले जाते. रांगेत उभे राहणे कमीपणाचे आणि मागील दाराने आत जाणे प्रतिष्ठेचे, अशी आपली समजूत झाली आहे. ठकाचे भांडवल म्हणजे हीच समजूत होय. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत अस्सलाच्या नावे नकली वस्तू चालविणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, जसा सांगितला आहे, तसेच चोरीचा माल घेणेही सांगितले आहे. विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यासही दोष लागतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. 'कोठून आणलेस?' हा प्रश्न न विचारता तिकीट घेणारा कायद्याने सुटेल. मनाने सुटेल काय?

म्हणून पेढीचे नियम तिकिटासही लावावेत. कार्यक्रमाच्या संयोजकाने ज्या संस्थेस विक्रीचा अधिकार दिला असेल, तिच्याकडूनच तिकीट घ्यावे, आणि ती संस्था कोणती हे संयोजकाच्या जाहिरातीवरून ताडून पाहावे. कोणी पाठविलेल्या दुव्यावरून नव्हे. पत्त्यातील एखादे अक्षर बदलून उभारलेली नकली दुकाने थोडी नाहीत. तिकिटाचे पैसे व्यक्तीच्या खाजगी खात्यात भरू नयेत. 'पैसे परत करतो, ही खूण टिपा आणि पिन घाला,' असे कोणी म्हणाल्यास तेथेच थांबावे. कारण पिन घालावा लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. आपल्या खऱ्या तिकिटाचे छायाचित्र हौसेने सर्वांस दाखवू नये. त्यावरील खूण दुसऱ्याच्या कामी येते. आणि 'दहा मिनिटांत निर्णय द्या' म्हणणाऱ्यास आपण बाजारात जे उत्तर देतो तेच येथेही द्यावे: सौदा राहू द्या.

इतके करूनही फसगत झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेसही सांगावे. रक्कम ठकाच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी अडविता येणे शक्य असते. म्हणून लाजेत दवडलेला तास महाग पडतो. पावत्या व संभाषण पुसून टाकू नये, तोच पुरावा असतो. ज्यास आपण 'चारशेवीस' म्हणत आलो, तो गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात आला आहे. क्रमांक बदलला, गुन्हा तोच राहिला.

शेवटी एक सूचना आपल्या मंडळासही. आपल्या स्नेहसंमेलनाचे व नवरात्राचे पास क्रमांकाने द्यावेत, दिलेल्या क्रमांकांची वही दारावर असावी, आणि पदाधिकाऱ्यांच्या चिठ्ठीवर कोणासही आत सोडू नये. अडचण होईल, काही आप्त रुसतीलही. परंतु ज्या घरचा मुलगा आपल्या वडिलांस रांगेत उभे राहून तिकीट घेताना पाहील, त्या घरी खोटे तिकीट सहसा शिरणार नाही, असा आमचा विश्वास आहे.