रात्रपाळीतली दिवाळी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाके वाजू लागले की सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात भाजलेली मुले येऊ लागतात. मूल किंचाळत असते, आई रडत असते, सोबत आलेले चौघे एकाच वेळी बोलत असतात. त्यातही निवासी डॉक्टर आणि सिस्टर शांत दिसतात, ते सरावाने. आधी श्वासमार्ग मोकळा आहे ना, मग श्वास, मग रक्ताभिसरण. हा क्रम हातात बसला की मन गोंधळत नाही आणि त्या आईशी दोन शब्द बोलायला उसंत मिळते.

सलग छत्तीस तासांच्या ड्यूटीत मात्र आधी ते दोन शब्दच जातात. न ओसरणारा थकवा, कामाविषयी तुटलेपणा, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, अशा तीन खुणा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटसाठी नोंदवल्या. संघटनेने त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा तो परिणाम, असे म्हटले. मला हे फार मोलाचे वाटते. खेकसणाऱ्या डॉक्टरला ध्यानाला बसवण्याआधी त्याच्या ड्यूटीचा तक्ता पाहायला हवा. निवासी डॉक्टरांना सहसा सलग १२ तासांहून अधिक काम देऊ नये, हे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगून ठेवले आहे.

सेवा म्हटली की आपल्याला त्याग आठवतो. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्यापुढे मान लवते. पण त्यांचे नाव घेऊन पंचविशीतल्या मुलामुलींची झोप हिरावून घेणे हा निव्वळ अन्याय आहे.

साचत गेलेल्या ताणातून सावरता येते. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी आहार, व्यायाम, ताण, सगळ्याची झडती घेतली, ध्यान-योगाकडे वळले आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात ते मोकळेपणाने लिहिले. नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचे त्यांचे व डॉ. राणी बंग यांचे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले ते त्यानंतर, १९९९ मध्ये. त्यांना थांबून स्वतःकडे पाहता आले. पाळीवरच्या सिस्टरला ती सवड कुणीतरी द्यावी लागते, आणि रिकामी पदे भरल्याशिवाय ती देता येणार नाही. ते सरकारने करावे.

वाचकांना एवढेच सांगणे: या दिवाळीत रुग्णालयात जायची वेळ आलीच, तर रुग्णासोबत एकानेच आत जावे आणि आवाज चढवू नये.