पितळेतला नाताळ

पितळी वाद्यं म्हटली की आपल्याला वरातीतला दणदणाट आठवतो. या डिसेंबरात मात्र ‘कॅनेडियन ब्रास’ने वाजवलेली नाताळगीतं जरूर ऐका. १९७० साली टोरांटोत सुरू झालेला हा पाच जणांचा ताफा : दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा. गायक नाही, शब्द नाहीत. ‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीतच घ्या : ते १८१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी गिटारच्या साथीनं पहिल्यांदा गायलं गेलं. इतकी हळुवार चाल पितळेला पेलते, कारण ही वाद्यं बोलतात ती ओठांच्या कंपनानं, वादकाच्या श्वासावर. गळ्याच्या फार जवळची आहेत ती. मला सर्वांत भावतो ट्युबा. खालच्या सुरांत राहून तो सगळा डोलारा तोलतो. ऐकताना त्याच्याकडे कान द्या, आणि आवाज थोडा मोठाच ठेवा.