बीजकोशातला कोठावळा

‘रजोनिवृत्ती लांबवणारी गोळी येतेय’ अशा बातम्या २०२४ पासून अधूनमधून छापून येताहेत आणि मोबाइलवरून घरोघरी फिरताहेत. आमच्या बचत गटात एकीने विचारलंच, “ताई, सणासुदीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, त्यातलीच का ही?” नाही हो! त्या गोळ्या हार्मोनच्या, एका महिन्यापुरत्या. ही बातमी आहे आपल्या बीजकोशातल्या साठ्याची. तेव्हा मैत्रिणींनो, आधी तो साठा समजून घेऊ.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि उभ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची? बहुतेक बीजं झोपलेली असतात. रोज त्यातली काही जागी होतात, वाढू लागतात आणि बहुतांश वाटेतच विरून जातात. एकदा जागं झालेलं बीज परत झोपत नाही. साठा संपत आला की पाळी जाते. म्हणजे खरा प्रश्न असा, की कुणाला कधी उठवायचं हे ठरवतं कोण?

ठरवतात ती पेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स. जेवण पचवणारी विकरं आपण शाळेत शिकलो. ही निरोप पोचवणारी. पीआय-थ्री-के नावाचं विकर एकेटीला जागं करतं, त्याचा निरोप पुढे एमटॉरला जातो, आणि बीज वाढीला लागतं. या साखळीला आवर घालणारं विकर म्हणजे पीटेन. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांच्या बीजांतून हे पीटेन काढून टाकलं. झालं! सगळी बीजं एकदम जागी झाली आणि ऐन तारुण्यात साठा रिकामा. लग्नघरातला कोठावळा किल्ल्या टाकून निघून जावा आणि वर्षाची बेगमी एका पंगतीत उडावी, तसं.

बातमीतलं औषध आहे रॅपामायसिन. ते एमटॉरचा वेग कमी करतं. त्याची कहाणी मोठी गमतीची. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जंतूपासून ते मिळालं, आणि त्यामागे होते सुरेंद्रनाथ सेहगल, आपल्याकडून कॅनडात गेलेले शास्त्रज्ञ. कंपनीने तिथली प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सेहगलांनी तो जंतू चक्क घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला, वर ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी लावून! (त्यांच्या घरच्या बाईंना काय वाटलं असेल?) १९९९ मध्ये अमेरिकेत हे औषध मंजूर झालं ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी, कारण ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं. आता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आठवड्याला अल्प मात्रा देऊन बीजकोश उशिरा थकतो का, हे तपासताहेत. सुरुवात सुमारे पन्नास स्त्रियांपासून. एवढ्यावरून कुणी औषधाच्या दुकानात चौकशी करू नये. तोंडात फोड येणं, कोलेस्टेरॉल वाढणं, जंतुसंसर्ग, हे सगळं या औषधाबरोबर येऊ शकतं.

उलट्या दिशेचंही काम झालंय. चाळिशीच्या आत पाळी बंद पडलेल्या २७ स्त्रियांवर जपानी डॉक्टरांनी केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बीजकोश काढला, त्याचे बारीक तुकडे केले, एकेटीला चेतवणाऱ्या औषधात ठेवले आणि परत शरीरात बसवले. तेव्हा एक बाळ जन्मलं होतं, दुसरी बाई गरोदर होती. बाकीच्यांची ओंजळ रिकामीच राहिली, हेही सांगायला हवं. म्हणजे कुणाची बीजं उठवायची, कुणाची झोपवायची. दोन्ही टोकांना तीच साखळी. आणि म्हणे सगळ्यांना एकच गोळी!

माझी शंका बाजाराबद्दल आहे. शहरांत एएमएच ही रक्ततपासणी ‘तुमचं मातृत्वाचं घड्याळ’ अशा थाटात विकली जाते. ती बीजांच्या संख्येचा अंदाज देते, उपचार घेणारीला उपयोगीही आहे. पण उपचार न घेणाऱ्या निरोगी मुलीला दिवस राहतील की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच तसं बजावलंय. उद्या ही गोळी आली तर तीही ‘चिरतरुण राहा’ म्हणूनच विकली जाईल.

खरं तर पहिला हक्क कुणाचा? कॅन्सरची औषधं घेणाऱ्या मुलींचा. त्यातल्या एका औषधाने उंदरांमध्ये झोपलेली बीजं अवेळी उठतात आणि साठा लवकर संपतो, तो याच साखळीमुळे, असं दिसलंय. आणि गोळी नसली तरी आजच लक्ष हवं आमच्या बीडच्या ऊसतोड बायांकडे. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत कामाला खाडा पडतो, मुकादमाची उचल डोक्यावर असते, आणि डॉक्टर म्हणतो, ‘काढून टाका.’ बीजकोशाला रक्त पुरवणारी एक वाट गर्भाशयाकडून येते, त्यामुळे नुसती पिशवी काढली तरी बीजकोश लवकर थकण्याचा धोका वाढतो. दोन्ही काढले तर प्रश्नच मिटला. चाळिशीच्या आत हार्मोन गेले की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. यावर हार्मोनचे उपचार आहेत, पण बाईला ते सांगायला तर हवं! हंगामाला निघण्याआधी या बायांच्या आरोग्य तपासण्या होतात. त्या कागदावर एक ओळ वाढवावी: पिशवी काढली का, कितव्या वर्षी, आणि बीजकोश ठेवलेत का?