डिफिकल्टी लेव्हल : सोपी

कुठल्याही ट्रेक ग्रुपचं पोस्टर बघा. किल्ल्याचं नाव, फी, तारीख आणि कोपऱ्यात एक शब्द : हार्ड, मीडियम किंवा ईझी. ‘ईझी’ दिसलं की आपल्यातले निम्मे जण पुढे स्क्रोल करतात. ‘ते आजी-आजोबांसाठी आहे रे,’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. मग पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी सगळे एकाच वेळी कळसूबाईला. शिडीखाली रांग, वर पोचल्यावर सेल्फीसाठी पुन्हा रांग.

कळसूबाईशी आमचं भांडण नाही. पण ‘सोपं’ या शब्दाला जो कमीपणा चिकटलाय, त्याने नुकसान होतंय. एक तर दरवेळी तेच लोक मागे राहतात. प्रत्येक वर्गात असा कोणीतरी असतो, जो ट्रेकचं नाव निघालं की ‘मला त्या दिवशी काम आहे’ म्हणतो. कोणाला दमा असतो, कोणाच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं असतं, कोणीतरी अंगाने जाड असतं आणि सगळ्यांच्या शेवटी धापा टाकत पोचायची लाज वाटते. एखादीला रात्री आठच्या आत घरी पोचायचं असतं. यांना ट्रेक आवडत नाही असं आपण ठरवून टाकतो. त्यांना विचारत मात्र कोणी नाही.

दुसरं नुकसान आपलं स्वतःचं. उभ्या चढावर नजर पायांखालच्या दगडावर असते. आजूबाजूला काय आहे ते घरी आल्यावर फोटोत दिसतं.

तर यंदा पाऊस ओसरला की दोन दिवस काढा आणि जुन्नरला जा. पहिला दिवस शहराचा, दुसरा दुर्गवाडीच्या देवराईचा. पुण्याहून नारायणगावमार्गे एसटी आहे, नव्वदेक किलोमीटर.

जुन्नर म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त शिवनेरी येतो. ते साहजिक आहे. १६३० साली महाराजांचा जन्म इथला, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे जे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यांत शिवनेरी आहे. वर जायला सात दरवाजांची पायऱ्यांची वाट घ्या, थांबत थांबत कोणालाही जमते. साखळीची वाट अवघड आहे, ती या वेळी सोडा. पण गडावरून खाली बघाल तेव्हा लक्षात येईल की शहराला चारही बाजूंनी डोंगर आहेत आणि बहुतेक डोंगरांत लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट चढून कोकणातून येणारा माल इथे यायचा. पैसा होता, व्यापारी होते, आणि त्यांच्या दानातून ही लेणी खोदली गेली. लेण्याद्रीचं गणपतीचं देऊळ मुळात बौद्ध विहारच आहे. तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गर्दीही असते. वेळ कमी असेल तर त्याऐवजी तुळजा लेणीला जा. तिथलं चैत्यगृह चक्क गोल आहे. मधे स्तूप, भोवती बारा खांब. पाच मिनिटं आत नुसतं उभं राहून बघा.

आमची सगळ्यात लाडकी जागा मात्र मानमोडी. शहराला लागूनच हा डोंगर आहे, अंबा-अंबिका लेणी इथलीच. इथले ब्राह्मी लेख वाचणाऱ्यांनी वाचून ठेवलेत आणि त्यांत काय काय सापडतं! एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने, लेण्याला दान दिलंय. आणि आडुथुम नावाच्या एका शकाने जमिनीचं उत्पन्न लावून दिलंय. कशासाठी? वीस निवर्तनं जमीन करंजाची झाडं लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनं वडाची झाडं लावण्यासाठी. बाहेरून आलेला माणूस, एका श्रेणीचा सभासद, दानधर्म करायची वेळ आली तेव्हा झाडांचा खर्च उचलतो आणि ते दगडात कोरून ठेवतो. अठराशे-एकोणीसशे वर्षं झाली. झाडं कधीच गेली, लेख आहे.

(जेवणाचं सांगायचं राहिलं. मासवडी मिळाली तर सोडू नका. नावावर जाऊ नका, ती बेसनाची असते.)

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला, आंबे-हातवीजच्या बाजूला. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, त्यामुळे स्टँडवर आदल्या संध्याकाळीच चौकशी करा किंवा मिळून जीप ठरवा. जसजसं पुढे जाल तसतशी उसाची आणि टोमॅटोची शेतं संपतात, भातखाचरं सुरू होतात आणि मग घाटमाथा. दुर्गवाडीला दुर्गादेवीचं देऊळ आहे. गाडी जवळपर्यंत जाते आणि पुढचं चालणं जवळजवळ सपाट आहे. देवळाभोवती जे रान आहे, ती देवराई.

देवराई म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं जंगल. तिथली फांदी तोडायची नाही. बऱ्याच गावांत तर वाळलेलं लाकूड आणि पालापाचोळाही उचलायचा नाही असा नियम. देवळासाठी लाकूड लागलं तरी आधी देवीचा कौल घ्यायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया फिरून नोंदवल्या. आजूबाजूचा डोंगर उघडा पडलेला असताना मूळचं जंगल कसं होतं, हे या छोट्या तुकड्यांत बघायला मिळतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. त्यासाठी कुंपण नव्हतं, गार्ड नव्हता. गावाने पिढ्यान्‌पिढ्या नियम पाळला, एवढंच.

आत शिरलात की पहिल्यांदा उजेड बदलतो. भर दुपारी संध्याकाळसारखं वाटतं. पाय पाचोळ्यात रुततात. भीमाशंकरच्या या पट्ट्यात जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा ही झाडं, आणि मनगटाएवढ्या, कधी मांडीएवढ्या जाड वेली. हिरड्याकडे नीट बघा. या भागातल्या महादेव कोळी घरांत बाळहिरडा गोळा करून वाळवून विकणं हा उत्पन्नाचा मोठा भाग आहे. वरून काहीतरी खाली पडलं तर मान वर करा, शेकरू असू शकतं. इथे अर्ध्या तासात दोनशे मीटर चाललात तरी चालेल. मागे राहणारा कोणी नसेल, कारण पुढे पळण्यासारखं काही नाही.

आता जी गोष्ट सांगायला हा लेख लिहिलाय, ती. सह्याद्रीत अनेक ठिकाणी देवराया आक्रसताहेत, आणि कुऱ्हाड नेहमी बाहेरच्या ठेकेदाराचीच असते असं नाही. जुनं कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं बांधायचं, पुढे सभामंडप, त्यापुढे पार्किंग. त्यासाठी झाडं जातात, कधीकधी बांधकामाचा खर्चही झाडं विकून काढला जातो. गावकऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांनाही पक्कं देऊळ हवंय, आणि गाड्या तुमच्या-आमच्यासारख्यांच्याच येतात. किल्ल्याला युनेस्कोचा शिक्का मिळाला. देवराईला असा शिक्का नसतो, तिला राखतो तो गावाचा शब्द. आपण पन्नास जण स्पीकर घेऊन गेलो, चिप्सची पाकिटं टाकली, वेलीला झोका बांधून रील केलं, तर नियम मोडला तरी काही होत नाही हे गावातल्या आपल्याच वयाच्या पोरांना दिसतं. देवीवर तुमचा विश्वास असो-नसो, पाहुण्याने घरातले नियम पाळायचे असतात.

म्हणून ट्रेक क्लब आणि एनएसएसवाल्यांना आमची विनंती आहे : वर्षाच्या कॅलेंडरमध्ये अशी एक सोपी वाट टाकाच. ग्रुप पंधरा-वीस जणांचा ठेवा. जायच्या आधी गावात कोणाशी तरी बोला, काय चालतं काय नाही ते विचारा. जेवण गावातल्या घरी सांगा, म्हणजे चार पैसे तिथे राहतील. देवराईचं अचूक लोकेशन टाकून रील व्हायरल करायची घाई नको. आणि जो दरवेळी ‘काम आहे’ म्हणतो, त्याला या वेळी तुम्ही स्वतः जाऊन विचारा.

थोडं सांभाळून राहायचं ते असं. लेण्यांच्या आणि कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळं असतात, त्यामुळे डिओ-परफ्यूम मारून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा नको. दुर्गवाडीचा कोकणकडा जवळच आहे, पण धुकं असेल तेव्हा कड्याची कड दिसत नाही, म्हणून टोकाला जायचं नाही. आणि जुन्नरचा बिबट्या आता जंगलापेक्षा उसात जास्त राहतो. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला आणि गाडीत असा, परतीची जीप दुपारी चारची सांगून ठेवा.