नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत

हे निवेदन नव्हे, हा सरकारला इशारा आहे. निवेदनं देऊन झाली. त्यांच्या पोचपावत्या आमच्या रापण संघाच्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आमच्या होड्या झापांखाली असतात. या दिवसांत मासा अंडी घालतो, म्हणून मासेमारीची बंदी आम्ही पाळतो आणि पाळत राहू. पण पिल्लं वाढून मासा झाला की तो कोणी, कुठे, कोणत्या जाळ्याने धरायचा हे ठरवताना आम्हाला विचारणार की नाही?

मालवणच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री उभे राहून पश्चिमेला बघा. पाण्याच्या कडेला इतका पांढरा उजेड असतो की वरच्या ढगांचं पोट उजळतं. जनरेटरवर लावलेले एलईडी दिवे आहेत ते. त्या उजेडाला बांगडा, पेडवे, सगळं गोळा होतं आणि पर्ससीनचं जाळं खालून बटव्यासारखं आवळलं जातं. पहाटे आम्ही चाळीस माणसं रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचे, दोन्ही दोर ओढतो. गेल्या हंगामात एका ओढीला चार टोपल्या पेडवे निघाले. त्यात होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि चाळीस घरं. दोराला हात लावायला आलेल्या म्हाताऱ्या बाईला मूठभर मासळी द्यायची आमच्याकडे रीत आहे. त्या दिवशी तांडेलाने मान खाली घातली.

कायदा कमी पडलेला नाही. एलईडीची मासेमारी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंद केली. राज्याच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले. १९८१ चा मासेमारी नियमन कायदा राज्याने २०२१ मध्ये दुरुस्त केला आणि एलईडीला ५ ते २० लाख रुपये दंड ठेवला. सातशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर हे सगळं थोड्याशा गस्तीनौकांच्या भरवशावर कसं चालेल? समुद्रात रोज आम्ही असतो. कोणती बोट कुठल्या पाण्यात शिरली, हे आम्हाला इंजिनाच्या आवाजावरून कळतं.

मागच्या वर्षी मी एका सरकारी बैठकीला गेलो होतो. इतिवृत्त आधीच टाइप करून ठेवलेलं. ‘मच्छीमारांशी सविस्तर चर्चा करण्यात आली’ हे वाक्य मी चर्चा सुरू होण्याआधी वाचलं. खाली आमच्या सह्यांसाठी जागा सोडली होती. मी सही केली नाही. यापुढे आमच्यातलं कोणीही करणार नाही.

सरकार आणि मच्छीमार मिळून पाणी सांभाळू शकतात, हे आपल्याच देशात दिसलं आहे. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांचा, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचा, उपसा नव्वदच्या दशकात हाताबाहेर गेला. मग डिसेंबर ते फेब्रुवारी पकड बंद झाली, जाळ्याच्या आसाला माप लागलं. पुढे जिल्हाधिकारी, शास्त्रज्ञ आणि तिसऱ्या काढणारे एका परिषदेत बसून निर्णय घेऊ लागले. २०१४ मध्ये त्या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. आणि शेजारच्या गोव्यात सत्तरच्या दशकात आपले नेते माथानी साल्ढाणांसोबत रापणकार रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे तिथला १९८० चा मासेमारी नियमन कायदा आला. मागितल्याशिवाय तिथेही काही मिळालं नव्हतं.

आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक बंदरावर समिती हवी. तिच्यात निम्म्याहून जास्त जागा रापणकार, कांडाळीवाले आणि मासे विकणाऱ्या बायकांना हव्यात. आमच्या पाण्यात कोणाला परवाना द्यायचा, हे त्या समितीच्या ठरावाशिवाय ठरता कामा नये. आम्ही वेळ, जागा आणि फोटोसह दिलेल्या तक्रारीवर सात दिवसांत काय केलं, ते बंदरावरच्या फळ्यावर लिहा. नुसता सल्ला द्यायला आम्ही येणार नाही.

आता आपल्याच माणसांना. २०२३ मध्ये पापलेट, म्हणजे आपला सरंगा, राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी माशांचे किमान आकार ठरले. तरी आपल्या कांडाळीतून तळहाताएवढी सरंग्याची पिल्लं बाजारात येतात. मी माझ्या भावाच्या टोपलीत पाहिली आहेत. अधिकार मागायचा असेल तर ही जाळी आधी घरातून बाहेर काढा. समिती झाली की पहिला दंड आपल्यातल्याच कोणाला बसला तरी मी तिच्या बाजूने उभा राहीन, मग तो भाऊ असला तरी.

कायद्याने समुद्र १ ऑगस्टला उघडतो, आमचा नारळी पौर्णिमेला. मुदत त्या दिवसापर्यंत. तोवर समित्यांचा लेखी आदेश निघाला नाही, तर नारळ सोडून आम्ही घरी जाणार नाही, पोराबाळांसह बंदरावर बसू. बोटींचे नंबर, तारखा आणि फोटो घेऊन उच्च न्यायालयात जाऊ. १ सप्टेंबरला पर्ससीन सुरू होईल, तेव्हा एलईडीवर धरलेला किंवा मापाखालचा मासा आमच्या बायका लिलावात उचलणार नाहीत, आणि त्याला बर्फही लावणार नाहीत. समुद्रात कुणाच्या बोटीला आम्ही हात लावणार नाही. पण जेटीवर उतरणारी प्रत्येक टोपली उघडून बघू, आणि तिथून उठणार नाही.